मानाचा रोडगा

किसनरावांनी कानात मशीन बसवलंय हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी ते मुद्दामच सांगितलं नव्हतं.

मशीन अमोलने दिवाळीत आणून दिलं होतं. "मला उत्तम ऐकू येतं, तुम्हीच लोक तोंडातल्या तोंडात बोलता," असं लेकाला सुनावून किसनरावांनी ते अकोल्याच्या फ्लॅटमध्ये टीव्हीखालच्या खणात ढकललं. छत्तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलेला माणूस. मागच्या बाकावर कुजबुजणारं पोरगं न बघता खडू फेकून टिपायचे. त्यांनी कानात वाटाण्याएवढं काहीतरी खुपसून फिरायचं म्हणजे काय! पण आज सकाळी दर्यापूरला निघायच्या आधी त्यांनी न्हाणीचं दार लावून घेतलं, मशीन कानात बसवलं आणि वरून मफलर गुंडाळला. माघाची थंडी होती, त्यामुळे मफलरबद्दल कुणी हूं की चूं केलं नाही. आज त्यांना भाषण करायचं होतं, आणि भाषणानंतरच्या टाळ्या नीट ऐकायच्या होत्या. रिटायर झाल्यापासून त्यांच्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती.

निमित्त आकांक्षाचं होतं. अमोलची ही थोरली लेक तिसऱ्या खेपेला परीक्षा पास होऊन जनावरांची सरकारी डॉक्टर झाली होती आणि महिन्यापूर्वी मूर्तिजापूरला रुजू झाली होती. पोरगी साहेब झाली की विस्तवात भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांची पंगत घालीन, असं किसनरावांच्या बायकोने, आशाबाईंनी, शेतातल्या मारुतीला बोलून ठेवलं होतं. म्हणून दर्यापूरजवळच्या त्यांच्या शेतात आज साठ-सत्तर माणसांची पंगत होती. तुरी निघाल्या होत्या, हरभरा घाट्यांवर होता. मारुतीपुढे मांडव घातला होता आणि पिण्याच्या पाण्याचे जार ओळीने येऊन बसले होते. शेजारच्या शेताचे वाहेदभाई पहाटेच दोन टोपली वांगी घेऊन हजर झाले होते, कारण रोडग्यांना वांगी वाहेदभाईंच्याच शेतातली लागतात यावर त्यांचा आणि देवीदासचा शाळेपासूनचा करार होता.

देवीदास म्हणजे किसनरावांचा धाकटा भाऊ. घरातली पोरं त्याला फेलोकाका म्हणायची.

या नावाची गंमत अशी. अठ्ठ्याहत्तर साली देवीदास मॅट्रिकला बसला आणि गणितात व इंग्रजीत नापास झाला. इंग्रजीत नापास, आणि थोरला भाऊ अकोल्यात इंग्रजीचा मास्तर! किसनरावांनी निकालाचा पेपर घडी घालून खाटेवर ठेवला, नाक किंचित वर केलं, आणि अंगणात जमलेल्या सगळ्यांसमोर म्हणाले, "पुअर फेलो!" बाप पुंजाजी काही समजला नाही. आई पार्बताबाईने घाबरत विचारलं, "म्हनजे पास झाला काय?" तेव्हा किसनरावांनी तिला अर्थ सांगितला: बिचारा. अर्थ बरोबर होता. फक्त तो अर्धा होता, आणि उरलेला अर्धा त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर होता. पण नाकाचं भाषांतर पार्बताबाईने मागितलं नाही. तिला वाटलं, मोठ्या भावाला धाकट्याची किती माया! ती स्वतःच लेकाला पुअर फेलो म्हणू लागली, पुढे पुतण्यांनी त्याचं फेलोकाका केलं, नातवंडांनीही तेच उचललं. देवीदासनेही कधी तक्रार केली नाही. शेती त्याच्याकडे राहिली, आणि घरातले रोडगेही.

आता एक गोष्ट किसनरावांनी आजवर कुणालाही सांगितली नव्हती. त्यांना रोडगे आवडत नसत. सगळं वऱ्हाड रोडग्यांवर जीव टाकतं, पण यांना तो पदार्थ एका अंगाने कडू लागायचा. गावंढळ जिभेला चालत असेल, असं ते मनात म्हणत आणि खाली मान घालून संपवत. संपवावा लागेच, कारण त्यांचा रोडगा मानाचा असे. देवीदास पीठ थापताना त्यावर अंगठ्याची खूण करी आणि पंगतीत तो खुणेचा रोडगा स्वतःच्या हाताने मोठ्या भावाला वाढी. पाहुण्यांना किसनराव ती खूण कौतुकाने दाखवत.

अकरा वाजले असतील. किसनराव मांडवाच्या कडेला निंबाखाली खुर्चीत बसले होते. सफारीच्या खिशात भाषणाची चार पानं होती, इंग्रजीत, दोनदा स्वच्छ लिहून काढलेली. मशीनमुळे जग एकदम जवळ आलं होतं. गोवऱ्या तडतडत होत्या, बायका परातीत कणीक मळताना बांगड्या वाजत होत्या. त्यांच्यामागे चार हातांवर घरची मंडळी उभी होती आणि अगदी मोकळ्या आवाजात बोलत होती. किसनरावांसमोर आवाज कमी करायची सवय घरात सगळ्यांची कधीच मोडली होती.

"आई, बाबाइले माईक द्यायचा नाई म्हनजे नाई," अमोल म्हणत होता. "आकांक्षाचे साहेब येऊन राहिले अमरावतीहून. त्याइले साडेबाराले परत निघनं आहे."

"काल दिवसभर लिहून राहिले होते ते," आशाबाई म्हणाल्या. "जेवाले दोनदा बोलावलं तवा उठले. असं नको करू बाप्पा."

"आजी, मूर्तिजापूरचं लगन इसरली काय?" हा शिवम, आकांक्षाचा भाऊ. "आशीर्वादाचे दोन शब्द म्हनून चाळीस मिनिटं! नवरदेवाले चक्कर आली ना!"

"त्यानं उपास धरला होता म्हनून आली," आशाबाईंनी नवऱ्याची बाजू घेतली खरी, पण त्यांनाही हसू आलं.

किसनराव मागे वळले नाहीत. त्यांना राग आला नाही, उलट त्यांना मजा वाटत होती. आता आकांक्षा बोलेल, हे त्यांना पक्कं माहीत होतं. ही पोरगी त्यांची होती. पाचवीपासून बारावीपर्यंत तिचं इंग्रजी त्यांनी घेतलं होतं, शब्द न् शब्द घोटून घेतला होता. घर एका बाजूला झालं तरी ती नेहमी आजोबांच्या बाजूला असायची.

आकांक्षा बोलली.

"बाबा, बोलू द्या ना आबाजीले दोन मिनिटं. तसंही कोनाले समजनार आहे? तेवढंच राह्यलं आहे त्याइच्याजवळ." तिने हलकासा श्वास सोडला. "पुअर फेलो!"

उच्चार अचूक होता. 'फेलो'च्या आधीचा तो बारीकसा थांबाही जिथल्या तिथे होता. मास्तर म्हणून किसनरावांना क्षणभर अभिमानच वाटला, आणि मग तो शब्द खाली उतरला. मागे न बघताही त्यांना कळलं की पोरीचं नाक वर गेलं असणार. हे त्यांचंच नाक होतं. तिला आपली दया आली, याचं दुःख नव्हतं. दयेखाली दुसरं काहीतरी होतं, आणि ते थेट काळजात गेलं. आपण या घरात आता नुसते सांभाळून घ्यायचे राहिलो की काय, असं त्यांना वाटलं. शहात्तर वर्षांच्या आयुष्यात इतकं लहान त्यांना कधी वाटलं नव्हतं.

ते उठले. रस्त्यावर जाऊन अकोल्याची एस.टी. धरावी, असं मनात होतं. पण रस्त्याकडे जायची वाट रोडगे भाजायच्या जगऱ्याच्या अंगाने जात होती, आणि तिथे देवीदास होता.

लांबलचक जगरा फुलला होता. गोवऱ्यांचा लालभडक विस्तव पसरून त्यात शे-दीडशे रोडगे राखेखाली लोटलेले होते आणि देवीदास काठीने एकेक उलथत होता. केसांपासून धोतरापर्यंत तो राखाडी झाला होता. बाजूला वाहेदभाई ओल्या पोत्यावर बसून भाजलेले रोडगे फडक्याने झटकत होते.

"भाऊ, कुठी चालले?" देवीदासने विचारलं.

"अकोल्याले," किसनराव म्हणाले. चारचौघांत ते प्रमाण मराठी सोडत नसत, पण आत्ता तिची शुद्ध त्यांना नव्हती.

देवीदासने एकदा भावाच्या तोंडाकडे पाहिलं. काहून, कायले, काही विचारलं नाही. जवळची दुसरी काठी उचलून त्याने पुढे केली. "जाजा. पन एवढी रांग पलटवून द्या. माहा हात दुखून राहिला."

सत्तेचाळीस वर्षांत किसनरावांच्या हातात कुणी ही काठी दिली नव्हती. ती त्यांनी का घेतली, हे त्यांना नंतरही सांगता आलं नाही. पहिला रोडगा उलथताना राख उडून चष्म्यावर बसली. दुसरा घरंगळत गेला. चौथ्यापर्यंत बऱ्यापैकी जमू लागलं, आणि मग त्यांनी तोंड उघडलं.

"देवीदास, मी तुले पुअर फेलो म्हनलो, तवा तुले कसं वाटलं होतं?"

वाहेदभाईंचं फडकं थांबलं. देवीदासने आणखी एक रोडगा उलथला.

"आज काहून इचारता?"

"सांग ना."

"अर्थ म्हाईत होता मले," देवीदास म्हणाला. "हा वाहेद अन् मी चौथ्याच दिवशी दर्यापूरच्या वाचनालयात गेलो. डिक्शनरी पाह्यली."

"हम दोनों फेल थे ना सर," वाहेदभाई मधेच म्हणाले. "मले वाटलं, हा शब्द मलेबी लागू होते का पाहावं."

"बिचारा म्हनले त्याचं काई नाई," देवीदास म्हणाला. "नापास झालो होतो, बिचारा तं होतोच. पन म्हनतानी तुमचं नाक वर गेलं ना भाऊ, त्याचं लय लागलं. डिक्शनरीत नाक नसते."

किसनराव काठी चालवत रांगेच्या टोकाला आले. कडेला, जिथे विस्तव सगळ्यात जळजळीत होता, तिथे एक रोडगा एकटाच खोल दाबलेला होता. त्यावर अंगठ्याची खूण होती.

"हा तं पलटवायचा राह्यला," ते म्हणाले.

"त्याले हात नका लावू!" देवीदास ओरडला, पण तोवर त्यांनी तो उलथला होता. खालचं अंग कोळशासारखं काळं झालं होतं.

किसनरावांनी त्या खुणेकडे पाहिलं, मग भावाकडे. देवीदासची मान खाली गेली होती. वाहेदभाई अचानक आभाळाकडे बघू लागले.

"दरसाली?" किसनरावांनी विचारलं.

"पयले दोन-तीन साल रागानं," देवीदास पुटपुटला. "मग राग गेला. पन तुमी तं कधी तोंडातून शब्द काढला नाई! सगळा खाऊन टाकत होते. पाहुन्याइले खून दाखवत होते. मले वाटलं, भाऊले असाच करपलेला आवडते. मग मी मुद्दाम ध्यान देऊन करपवू लागलो. एकसारखा करपवनं सोपं नसते भाऊ."

किसनरावांचे खांदे हलू लागले. ते रडणार असं वाटून देवीदास पुढे सरसावला, तर ते हसत होते. सत्तेचाळीस वर्षांचा मान! पाहुण्यांना दाखवलेली ती खूण! हसता हसता ते राखेतच बसले, सफारीसकट. वाहेदभाईंनीही मग आभाळ सोडलं आणि पोट धरलं.

"अन् अखीन एक सांगतो," देवीदास डोळे पुसत म्हणाला. "तुमाले मूग अन् उडीद अजून वळखू येत नाई. एकदा तं अकोल्याहून येतानी दोन पायात दोन चपला होत्या तुमच्या. मी बांधावरून पाहो अन् मनातल्या मनात म्हनो, पुअर फेलो!"

"नाक वर करून?"

"करत होतो थोडंसं."

मांडवात शिवमचा आवाज माईकवरून घुमला. "आता आबाजी दोन मिनिटं बोलतील. आबाजी? आबाजी कुठी गेले?"

किसनरावांनी खिशातून भाषणाची चार पानं काढली. काळा रोडगा अजून चटके देत होता, म्हणून तो त्या पानांत गुंडाळून त्यांनी हातात धरला.

"भाऊ, फेकून द्या तो, कुत्र्याले घालतो," देवीदास म्हणाला.

"राहू दे," किसनराव म्हणाले. "लागते मले."

ते मांडवात आले तेव्हा अमोलने कपाळाला हात लावला. अमरावतीचे साहेब पहिल्याच रांगेत होते, आणि हे राखेने माखलेले, चष्म्याची एक काच पांढरी, हातात कागदाचं गाठोडं. शिवमने घाबरतच माईक दिला.

"मी आज इंग्रजीत बोलनार होतो," किसनराव म्हणाले. "त्या कागदाइचं दुसरं काम निघालं. म्हनून आपल्या भाषेत बोलतो. पयली गोष्ट. मी आज सकाळपासून कानात मशीन घालून फिरून राहिलो."

मफलर बाजूला करून त्यांनी कान दाखवला. आशाबाईंच्या हातातला वरणाचा पळा तसाच अधांतरी राहिला. अमोल खांबामागे सरकला. सगळा मांडव चिडीचूप झाला, कारण जो तो सकाळपासून आपण काय काय बोललो ते आठवू लागला होता. आकांक्षा एकटी जागची हलली नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"घाबरू नका, मी कोनाचं नाव घेत नाई," ते पुढे म्हणाले. "दुसरी गोष्ट. माह्या लहान्या भावाले मी भर अंगनात एक शब्द म्हनलो होतो. मायले त्याचा अर्धाच अर्थ सांगतला. उरलेला अर्धा म्हनजे काय, ते आज मले समजलं. छत्तीस वर्षं पोराइले अर्थ सांगत होतो, पन शब्द आपल्या आंगावर पडल्याबिगर त्याचा अर्थ समजत नाई. देवीदास, माहं चुकलं. झालं. बसतो. दोन मिनिटं झाले."

"अजून एक मिनिट बाकी आहे भाऊ!" जगऱ्यापासून देवीदास ओरडला. "बोला अखीन!"

मांडव हसला. हसणाऱ्यांत साहेबही होते. पण देवीदास हसत नव्हता. तो विस्तवाकडे तोंड करून उभा होता आणि खांद्यावरच्या पंच्याने परत परत डोळे पुसत होता. राख गेली डोळ्यात, असं तो वाहेदभाईंना सांगत होता आणि वाहेदभाई हो हो म्हणत होते.

पंगत बसली. देवीदासने पाटीतला रोडगा निवडून आणला, भावाच्या पत्रावळीवर मुठीने फोडला आणि त्यावर तुपाची धार सोडली. आत पापुद्रे सुटले होते. किसनरावांनी घास घेतला, दुसरा घेतला, आणि वांग्याच्या भाजीत बुडवून तिसरा. कडूपणाचा मागमूस नव्हता. इतकी वर्षं हे लोक हे खात होते तर!

"आवडला?" देवीदासने विचारलं.

"सत्तेचाळीस वर्षाइचे उरलेले आन," किसनराव म्हणाले.

भाजीची बादली घेऊन आकांक्षा पंगतीतून येत होती. आजोबांसमोर येताच तिचे पाय थांबले. पळी बादलीत गेली आणि तिथेच राहिली.

"आबाजी," ती म्हणाली.

"बस," किसनराव म्हणाले.

ती तिथेच मातीत बसली. किसनरावांनी शेजारचं गाठोडं उघडलं. भाषणाच्या पानांवर तुपाचे आणि राखेचे डाग पडले होते. काळा रोडगा त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी दाबून मधोमध फोडला, एक अर्धं तिच्या हातावर ठेवलं, एक स्वतः घेतलं.

"हा आपल्या दोघाइचा. चाव."

तिने चावलं. तोंड वाकडंतिकडं झालं. "कडू आहे."

"हाव. मी इतके साल पुरा खाल्ला. तुले आज अर्धाच."

तिला हसू आणि रडू एकदमच फुटलं. तोंडातला करपट घास ती गिळत होती आणि डोळ्यांतून पाणी गालावर येत होतं. तिने बाहीने नाक पुसलं. ते नाक आता अगदी जागच्या जागी होतं. "सॉरी, आबाजी. मी तसं नाई म्हनायले पाह्यजे होतं."

"उच्चार चांगला होता तुहा," किसनराव म्हणाले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, राखेचा हात, आणि तिच्या नव्या ओढणीवर पाचही बोटं उमटली. "फक्त पुन्हा करू नको."

तेवढ्यात देवीदास तुपाचं भांडं घेऊन परत आला. त्याने बारीक डोळे करून भावाकडे पाहिलं, पंगतीकडे पाहिलं, आणि नाक शक्य तेवढं वर करून खणखणीत आवाजात विचारलं, "तूप वाढू काय, पुअर फेलो?"

सगळी पंगत घास हातात धरून थांबली. किसनरावांनी पत्रावळ दोन्ही हातांनी पुढे सरकवली.

"वाढ ना!"

आणि मग जे हसू फुटलं, ते आशाबाईंच्या ओळीपासून वाहेदभाईंच्या टोपल्यांपर्यंत गेलं आणि पुन्हा परत आलं. टाळ्यांची किसनरावांना आठवणही राहिली नव्हती. त्यांनी मफलर पुरता सोडून मांडीवर ठेवला, म्हणजे यातलं काही ऐकायचं राहून जायला नको.